टर्बो गाडीत पहिला पैसा कुठे घालायचा?

ज्यांना हेडफोन लावायला जमत नाही आणि विरार फास्टमध्ये उभ्या उभ्या वाचायचंय, त्यांच्यासाठी या भागाचं हे लेखी रूप. बोललो तसंच ठेवलंय, फक्त 'अॅक्च्युअली' निम्मे काढलेत.

विषय कुठून आला ते सांगतो. ऑफिसमधल्या एका ज्युनिअर मुलाने सेकंडहँड टर्बो पेट्रोल गाडी घेतली. चहा पिताना मला विचारलं, "दादा, तीस हजार आहेत, पहिलं काय करू? रीमॅप की एक्झॉस्ट?" मी म्हटलं, टायर. त्याचा चेहरा असा पडला जणू मी त्याला एलआयसीची पॉलिसी विकतोय. (हसतो) पण मी ते उगाच म्हटलं नव्हतं. त्यामागे माझीच एक गोष्ट आहे, आणि ती मी आजवर इथे सांगितली नव्हती, कारण त्यात मी काही फार हुशार दिसत नाही.

माझी गाडी म्हणजे २०२१ ची पोलो, १.० टीएसआय, मॅन्युअल. चाकणला बनलेली. २०२२ मध्ये कंपनीने भारतात पोलो बंद केली, त्यामुळे आता ज्याच्याकडे आहे तो तिला जपतो किंवा तिच्यावर प्रयोग करतो. मी दुसऱ्या गटातला. २०२४ च्या दसऱ्याला घेतली, सेकंडहँड, पण कंपनीची चार वर्षांची वॉरंटी अजून थोडी शिल्लक होती. ती संपली आणि त्याच महिन्यात मी रीमॅप करून आलो. इतका घाईत होतो.

रीमॅप म्हणजे काय, हे माहीत नसेल तर दोन मिनिटं. पोलोमध्ये याच ९९९ सीसीचं बिनटर्बोचं इंजिनही मिळायचं. त्याची ताकद ७६ पीएस आणि टॉर्क ९५ एनएम. टर्बोवाल्याची ताकद ११० पीएस, टॉर्क १७५ एनएम. तीनच सिलिंडर, तेवढाच सीसी. फरक हा की सायलेन्सरकडे जाणारा गरम धूर एक छोटी चक्की फिरवतो, ती चक्की हवा दाबून इंजिनात भरते, जास्त हवा म्हणून जास्त पेट्रोल, म्हणून जास्त जोर. किती हवा दाबायची, ठिणगी कधी टाकायची, हे ईसीयू ठरवतो. ईसीयूमध्ये मोठमोठे तक्ते असतात, एक्सेल शीटसारखे. रीमॅपवाला लॅपटॉप जोडून त्या तक्त्यांतले आकडे बदलतो. बिनटर्बोच्या गाडीत आकडे बदलून फारसं काही हाती लागत नाही. टर्बोत लागतं, कारण दाब वाढवता येतो. नट-बोल्ट एकही न उघडता अर्ध्या तासात गाडी बदलते, म्हणून तर सगळे आधी तिकडेच धावतात. मीही धावलो. अठ्ठावीस हजार रुपये. सांगितलं गेलं, १३५ पीएसच्या आसपास होईल.

आणि खरं सांगतो, पहिले तीन महिने मस्त गेले. वेस्टर्न एक्स्प्रेस हायवेला मागाठाण्याला चढलो की तिसऱ्या गिअरमध्ये जो पिकअप यायचा, त्याला तोड नव्हती. ऑफिस अंधेरीला, सीप्झजवळ. सकाळी लवकर निघायची सवय लागली, फक्त मोकळा रस्ता मिळावा म्हणून. आईला वाटलं मुलगा सुधारला.

मग जुलै. आईला नागपूरला मावशीकडे जायचं होतं, सकाळचं विमान. साडेपाचला बोरिवलीहून निघालो. रात्रभर पाऊस पडून गेलेला, रिमझिम चालू, रस्ता रिकामा. आरेचा फ्लायओव्हर उतरून जोगेश्वरीकडे जाताना मी ऐंशीच्या थोडा वर होतो. पुढे दुसऱ्या लेनमध्ये एक टेम्पो बंद पडून उभा. मागचा दिवा नाही, झाडाची फांदी नाही, काही नाही. दिसला तेव्हा मी ब्रेकवर जवळजवळ उभा राहिलो. एबीएसमुळे पेडल पायाखाली थरथरायला लागलं, आणि गाडी थांबेचना. ती फक्त सरकत होती. बाजूच्या लेनमध्ये बस होती, त्यामुळे तिकडे जाता येत नव्हतं. थांबलो तेव्हा बॉनेट आणि टेम्पोची मागची फळी यांत हातभर अंतर होतं. हातभर म्हणतोय, कदाचित कमीच असेल.

आई काही बोलली नाही. विमानतळ येईपर्यंत तिने डॅशबोर्डवर टेकवलेला हात काढला नाही, इतकंच. उतरताना म्हणाली, "परत येईन तेव्हा न्यायला येऊ नकोस, मी रिक्षाने येईन." आणि आठवड्याने खरंच रिक्षाने आली, सामान घेऊन. त्यानंतर दोनेक महिने ती माझ्या गाडीत बसली नाही. भांडण नाही, टोमणा नाही. "तू हो पुढे, मी येते" एवढंच. ज्यांच्या घरी आई ओरडते त्यांना कळणार नाही, पण न ओरडणारी आई फार महागात पडते.

आता मी इंजिनिअर माणूस, मला कारण हवं होतं. ब्रेक खराब असतील म्हणून गाडी दाखवायला निघालो, तर वाटेत मागाठाण्याच्या पंक्चरवाल्याकडे हवा भरायला थांबलो. चाचांनी टायरवर नख दाबलं, म्हणाले, "भाईसाब, ये तो पत्थर हो गया है." मग टायरच्या बाजूला अंडाकृती चौकटीत चार आकडे असतात ते दाखवले. ०८२१. म्हणजे २०२१ सालचा आठवा आठवडा. आधीच्या मालकाने टायर कधी बदललेच नव्हते. नक्षी शिल्लक होती, झिजेची खूण अजून वर आली नव्हती, म्हणून मला ते 'चांगले' वाटत होते. पण रबर उन्हात वाळून कडक झालेलं. कडक रबर कोरड्या रस्त्यावर बरं वाटतं. ओल्या रस्त्यावर ते रस्त्याला धरतच नाही.

घरी येऊन मी साधा हिशेब मांडला, अकरावीच्या फिजिक्सचा. ताशी ८० म्हणजे सेकंदाला २२ मीटर. दिसल्यापासून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद धरा, तिथेच २२ मीटर गेले. त्यानंतर पकड चांगली असेल, घर्षणाचा आकडा ०.८ धरला, तर अजून साधारण ३१ मीटर. पकड निम्मी झाली, ०.४, तर ६३ मीटर. म्हणजे लोकलचा जवळजवळ दीड डबा जास्त. आणि वेग ८० ऐवजी १०० असेल तर हे अंतर दीडपटीहून जास्त वाढतं, कारण वेगाचा वर्ग लागतो. या हिशेबात इंजिनाची ताकद कुठेच येत नाही. ११० असो की १३५, थांबताना गाडी टायर एवढंच ऐकते.

रीमॅपमुळे गाडी घसरली असं मी म्हणणार नाही. ते खोटं होईल. पण रीमॅप नसता तर साडेपाच वाजता पावसात आईला घेऊन मी ऐंशीच्या वर असतो का? नसतो. मला माझा स्वभाव माहीत आहे. नवीन खेळणं हातात होतं.

इथे एक मजेशीर तुलना. २०१० मध्ये फोक्सवॅगनने भारतात पोलो कप नावाची रेस सुरू केली. त्या रेसच्या पोलोत १.६ लिटरचं डिझेल इंजिन होतं, ताकद १३० पीएस. म्हणजे माझ्या रीमॅपवाल्याने कागदावर मला रेसच्या गाडीपेक्षा जास्त ताकद दिली होती. फक्त त्या गाडीत लोखंडी केज होता, रेसचे टायर होते, वेगळं सस्पेन्शन होतं, आणि ती ट्रॅकवर धावायची जिथे समोर बंद टेम्पो उभा नसतो. माझ्याकडे पुढे डिस्क, मागे ड्रम, आणि ०८२१.

तर टायर बदलले. मूळ मापाचेच, १८५/६० आर १५, ओल्या रस्त्यावर चांगले समजले जाणारे. अलाइनमेंट, बॅलन्सिंग धरून एकोणतीस हजार. रीमॅपएवढेच पैसे! रुंद टायर, मोठी अलॉय याच्या मोहात पडलो नाही. रिम जड झाली की पिकअप आणि अॅव्हरेज दोन्ही जातात, आणि आपल्याकडचे खड्डे पातळ टायरला पाहिल्या पाहिल्या मारतात. विकत घेताना ते चार आकडे स्वतः वाचा. दुकानात दीड वर्ष पडलेला टायर 'नवा' म्हणून मिळू शकतो.

टायरनंतर ब्रेक ऑइल. हे कोणीच बदलत नाही. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषून घेतं, आणि मुंबईच्या हवेत पाण्याला काय तोटा. डॉट ४ प्रकारचं नवं ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळायला नको असा नियम आहे. पाणी शिरलेल्या ऑइलसाठी हाच आकडा १५५ वर येतो. खंडाळ्याचा घाट ब्रेकवर पाय ठेवून उतरलात, ऑइल उकळलं, की नळीत वाफ होते आणि पेडल स्पंजासारखं खाली जातं. दोन वर्षांनी एकदा बदला, पैसेही फार जात नाहीत. पॅड त्याच वेळी बघून घ्या. मोठ्या डिस्क वगैरेची रस्त्यावरच्या गाडीला गरज नाही.

आता इंजिनकडे येऊ, कारण तुम्ही त्यासाठीच ऐकताय, मला माहितीय.

आधी एक ब्लूटूथचा ओबीडी डोंगल घ्या. स्टिअरिंगच्या खाली सॉकेट असतं, तिथे लावायचा, फोनवर अॅप. हजारभर रुपयांचं काम. पंधरा दिवस फक्त आकडे बघा. माझ्या लॉगमध्ये हायवेला चालत्या गाडीत इंजिनात जाणाऱ्या हवेचं तापमान ४० च्या आसपास असायचं. अंधेरीच्या सिग्नलला दहा मिनिटं रखडलो की साठी ओलांडायचं. गरम हवा विरळ असते, शिवाय नॉकिंगचा धोका वाढतो. नॉकिंग म्हणजे पेट्रोल ठिणगीच्या आधीच किंवा भलतीकडेच पेटणं. ते टाळायला ईसीयू स्वतःच ठिणगी उशिरा टाकतो आणि जोर कमी करतो. म्हणजे जो पिकअप विकत घेतला, तो संध्याकाळी सहा वाजता अंधेरीत ईसीयू परत काढून घेतो. परदेशी व्हिडिओत सांगतात, मोठा इंटरकूलर लावा. आमच्या इंजिनात इंटरकूलर इनटेक मॅनिफोल्डच्या आतच बसवलेला आहे आणि पाण्याने थंड होतो. समोर मोठा लावून टाकायची सोय नाही. तेव्हा व्हिडिओतल्या गाडीत काय आहे आणि आपल्यात काय आहे, हे आधी बघा.

स्पार्क प्लग आणि इंजिन ऑइल. दाब वाढला की ठिणगीला प्लगच्या फटीतून उडी मारणं अवघड जातं, म्हणून जुने, झिजलेले प्लग रीमॅपनंतर लगेच नखरे करतात. गाडी जोर लावताना झटके खाते आणि लोक म्हणतात रीमॅप खराब. ऑइल कंपनीने सांगितलेल्या मानकाचंच घाला, डब्यावर ते लिहिलेलं असतं. छोट्या टर्बो इंजिनांना एक खास आजार होऊ शकतो. कमी आरपीएमवर जास्त जोर मागितला की मिश्रण अवेळी पेटतं, आणि ते एकदाच झालं तरी पिस्टन फुटू शकतो. २०२० मध्ये आलेल्या एपीआय एसपी दर्जाच्या ऑइलमध्ये याचा विचार केलेला आहे. आणि सवय लावून घ्या: पाचव्या गिअरमध्ये, पंधराशे आरपीएमवर, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबायचा नाही. गिअर खाली घ्या. हे फुकट आहे.

आवाजवाला एक्झॉस्ट, पिश्श करणारा व्हॉल्व्ह, यांवर मी वेळ घालवणार नाही. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून टाकणं तर सरळ बेकायदा. आवाज आणि धुराच्या नियमभंगाला मोटार वाहन कायद्यात दहा हजारांपर्यंत दंड आहे. कायद्याचं कलम ५२ म्हणतं की आरसीवरच्या माहितीशी विसंगत होईल असा बदल गाडीत करायचा नाही, आणि ९ जानेवारी २०१९ ला सुप्रीम कोर्टाने ते ठामपणे सांगितलंय. रीमॅप बाहेरून दिसत नाही म्हणून लोक निर्धास्त असतात. पण फोक्सवॅगन ग्रुपच्या गाड्यांत ईसीयू बदललेला आढळला की कंपनीच्या सिस्टममध्ये टीडी१ अशी खूण पडते, आणि मग इंजिन-गिअरबॉक्सची वॉरंटी विसरा. विमा कंपनीला न सांगता केलेला बदल क्लेमच्या वेळी नेमका आठवतो, तुम्हाला नाही, त्यांना.

आता माझी दुसरी चूक, आणि ही मला टायरपेक्षा जास्त लागते, कारण हा माझा धंदा आहे. जुलैनंतर मी ठरवलं की गाडी मूळ सेटिंगवर आणायची. दुकानात गेलो, म्हटलं माझी मूळ फाइल परत टाका. तिथला मुलगा म्हणाला, "सिस्टममध्ये असेल, शोधतो." तीन वेळा गेलो. फाइल नव्हती. त्यांनी माझ्या ईसीयूतलं काही वाचून ठेवलंच नव्हतं, आधीच्या कुठल्या तरी पोलोची तयार फाइल ओतली होती. मला दिलेला पॉवरचा ग्राफसुद्धा माझ्या गाडीचा नव्हता, सगळ्यांना तोच देत होते. नाव सांगणार नाही, विचारू नका. पण बघा ना, मी ऑफिसात बॅकअप नसेल तर टेस्ट सर्व्हरला हात लावू देत नाही. आणि स्वतःच्या गाडीत, सरळ प्रॉडक्शनवर, कोणाचा तरी कोड टाकून आलो आणि एक प्रश्न विचारला नाही. शेवटी दुसऱ्या एका ट्यूनरने सॉफ्टवेअर नंबर जुळवून मूळ फाइल मिळवली. सहा हजार गेले.

तर त्या ज्युनिअरला मी प्रश्न लिहून दिले, तुम्हीही विचारा. माझी मूळ फाइल वाचून मला पेनड्राइव्हवर देणार का? आधीचा आणि नंतरचा डायनो माझ्याच गाडीचा, माझ्यासमोर होणार का? टॉर्क कितीवर थांबवणार? कारण क्लच मूळचाच आहे. माझा क्लच दोनदा घसरला होता, अहमदाबाद हायवेला पाचव्या गिअरमध्ये आरपीएम वर आणि वेग तिथेच. ऑटोमॅटिक असेल तर हा प्रश्न आणखी महत्त्वाचा: फोक्सवॅगनच्या ड्राय क्लचवाल्या सात गिअरच्या डीएसजीची मर्यादाच २५० एनएम आहे. आणि शेवटचा प्रश्न, फाइल कुठल्या पेट्रोलसाठी? १०० ऑक्टेनसाठी बनवलेली फाइल घेऊन तुम्ही रोज साधं पेट्रोल भरणार असाल, तर नॉक सेन्सर दिवसभर सावरासावर करत बसेल. १०० ऑक्टेनचा भाव साध्याच्या दीडपटीच्या आसपास. रोज बोरिवली ते अंधेरी त्यावर करणार आहात का, हे पगाराच्या स्लिपला विचारा. यातल्या एकाही प्रश्नाला समोरचा "टेन्शन मत लो" म्हणाला, तर उठा आणि घरी या.

मी परत रीमॅप करणार का? करेन, बहुतेक. खोटं कशाला बोलू. क्लच बदलायची वेळ येईल तेव्हा, कमी टॉर्कची फाइल, विमा कंपनीला लेखी कळवून. तोवर ११० पीएसमध्ये माझं भागतंय. नव्या टायरवर ही गाडी पावसात जी वळते, ते मला आधी माहीतच नव्हतं. घोडबंदरला गायमुखच्या वळणांवर मला पहिल्यांदा कळलं की आपण काय विकत घेतलंय.

ज्युनिअरने टायरचे आकडे वाचून फोटो पाठवला. ४७१८. त्याने दुसऱ्या दिवशीच चारही बदलले, रीमॅपचं पुढच्या वर्षी बघू म्हणाला. थोडा रुसलाय, पण ठीक आहे.

आणि आई. ऑक्टोबरमध्ये दिवाळीच्या खरेदीला दादरला जायचं होतं, पिशव्या जास्त होणार होत्या. मी म्हटलं टायर नवीन आहेत. तिने गाडीभोवती एक चक्कर मारली, जणू तिला टायरमधलं कळतं, आणि पुढे बसली. दादरपर्यंत वरचं हँडल धरून होती. येताना वांद्र्यानंतर सोडलं.

चला, एवढंच. आज घरी गेल्यावर खाली उतरून ते चार आकडे वाचा.